दागिना कोणाचा?



संयोजकांनी मला 'दागिन्यांचा इतिहास' हा विषय दिला. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडे हा विषय कसा आला, असं तुमच्या मनात आलं असेल. आमच्या घरातही आलं. मी हे सांगितल्यावर सौभाग्यवतींचा पहिला प्रश्न होता, "तुम्हाला पाटली आणि तोडा यातला फरक तरी कळतो का?" तेव्हा आजच्या व्याख्यानात घडणीच्या तपशिलात चूक झाली, तर ती माझी. विचारात चूक झाली, तर तीही माझीच, पण तिच्याबद्दल आपण शेवटी भांडू.

तसा दागिना तत्त्वज्ञानाला परका नाही. छांदोग्य उपनिषदात आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, समजावतो. मातीचा एक गोळा कळला की मातीची सगळी भांडी कळतात. सोन्याचा एक गोळा कळला की सोन्याच्या सगळ्या वस्तू कळतात. बाकी सगळं नाव आणि रूप. पुढे वेदान्त्यांनी हा दृष्टान्त हजारदा वापरला. बांगडी खोटी, हार खोटा, सोनं तेवढं खरं. मीही वर्गात वर्षानुवर्षं हा दृष्टान्त दिला आणि मुलांनी तो वहीत उतरवून घेतला.

पण त्या वेळी माझ्या डोळ्यांसमोर उपनिषद नसायचं. सराफाचा काटा असायचा. ती गोष्ट आधी सांगतो, कारण आजचं सगळं बोलणं तिथून सुरू होतं.

१९६७ साली मी कॉलेजसाठी शहरात जायचं ठरलं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. फी, वसतिगृह, पुस्तकं या सगळ्याचा मेळ बसेना. एका रविवारी वडील मला घेऊन सराफाकडे गेले. त्यांनी रुमालात गुंडाळलेल्या आईच्या पाटल्या बाहेर काढल्या. तिच्या वडिलांनी लग्नात घातलेल्या. सराफानं कसोटीवर घासून कस पाहिला, मग कातरीनं पाटली कापली, आत काही भेसळ नाही ना ते बघायला. आणि म्हणाला, "मास्तर, घडणावळ जाते बघा. मोडीत सोन्याचंच मोल." वडिलांनी मान हलवली. पैसे मोजून घेतले. घरी आलो तेव्हा आई भाकऱ्या थापत होती. हातात नुसत्या काचेच्या बांगड्या. ती काही बोलली नाही, मीही काही विचारलं नाही.

आता बघा, सराफ आणि आरुणी दोघांचं म्हणणं एकच निघालं. रूप गेलं, सोनं उरलं. सराफानं वेदान्त काट्यावर मोजून दाखवला. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र याच्या उलट चालावं लागतं. सोनं हा धातू आहे, त्याला स्वतःचा इतिहास फारसा नाही. इतिहास आहे तो त्या रूपाचा. ती पाटली कुणी घडवली, कुणी घातली, कुणी काढायला लावली, कुणी मोडली, हा इतिहास. आणि त्यातला मूळ प्रश्न एकच, दागिना कोणाचा?

जरा मागे जाऊ या, चांगलं मागे. जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. तिथे १९७० च्या दशकात झालेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचापासून केलेले मणी सापडले. काळ साधारण २५ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे आपल्या खानदेशात तेव्हा शहामृग होते, शेती नव्हती, मडकी नव्हती, धातू तर नव्हताच. पण कुणीतरी बसून कवचाचा तुकडा गोल घासत होतं आणि त्याला भोक पाडत होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेत शिंपल्यांचे मणी मिळाले, ते ७० हजार वर्षांहून जुने. पोट भरल्यावर उरलेल्या वेळात माणूस नटायला लागला, असं आपल्याला वाटतं. पुरावा सांगतो की नटणं जुनं, नांगर फार अलीकडचा.

दुसरी जागा नेवासे. ज्ञानेश्वरीमुळे आपल्याला ठाऊक असलेलं नेवासे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे ताम्रपाषाण काळातली, म्हणजे ३ हजार वर्षांहून जुनी, एका लहान मुलाची दफनभूमी मिळाली. त्या मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तांब्याच्या क्षारामुळे मण्यांच्या आतला दोरासुद्धा टिकला. तो सुती आणि रेशमी तंतूंचा असल्याचं तपासणीत निघालं. तांबं तेव्हा महाग, बाहेरून आणावं लागे. ते हत्यारासाठी राखून ठेवायचं सोडून त्या घरानं मुलाच्या गळ्यात ठेवलं आणि त्याच्याबरोबर पुरलं. म्हणजे ते परत घेतलं नाही. हे 'परत न घेणं' लक्षात ठेवा, पुढे लागेल.

लहान मुलाच्या गळ्यातल्या माळेवरून दागिन्याच्या पहिल्या कामाकडे येतो. ते काम राखणीचं. आजही आपल्याकडे बारशाला काय देतात? मनगट्या, काळे मणी ओवलेल्या. पायात वाळे, कमरेला करगोटा, चांदीत मढवलेलं वाघनख, ताईत. ताईत हा शब्द अरबी 'तावीज'वरून आला, पण तो आपल्या घरात इतका मुरला की कुणाला परका वाटत नाही. ज्या घरात मुलं जगत नसत, तिथे देवाला नवस बोलून, चार घरी भीक मागून मिळालेल्या पैशातून मुलाच्या कानात बाळी घालायची रीत होती. 'भिकबाळी' या शब्दातच ती भीक आहे. हल्ली ढोलताशा पथकातली तरुण मुलं रुबाबात भिकबाळी घालतात. घालू देत, छान दिसते. पण मुळात ती रुबाबाची वस्तू नव्हती. 'हे मूल आमचं नाही, मागून आणलेलं आहे, याच्याकडे बघू नकोस' असं मृत्यूला सांगायची ती युक्ती होती.

संस्कृतात 'अलंकार' शब्दात 'अलम्' आहे. अलम् म्हणजे पुरेसं, पुरतं. शरीर जन्मतः पुरतं नसतं, ते पुरतं करावं लागतं, ही त्यामागची कल्पना. मराठीनं ती उलट्या बाजूनं सांभाळली. दागिना नसलेल्या हाताला आपण साधा हात म्हणत नाही, 'भुंडा' म्हणतो. गळा 'ओका' म्हणतो. कपाळ 'पांढरं' म्हणतो. जिथे काही नाही, तिथेही आपली भाषा काहीतरी गेलेलं पाहते. या शब्दांनी किती बायकांचं काळीज कापलं असेल, ते पुढे येईलच.

दुसरं काम साठवणीचं. बँक नव्हती, विमा नव्हता, पाऊस तर भरवशाचा कधीच नव्हता. मग शिल्लक कुठे ठेवायची? अंगावर. चोराला दिसेल हे खरं, पण चोरी झाली तर आपल्यालाही लगेच कळेल. धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे २ हजार वर्षांपूर्वीचं मोठं व्यापारी गाव. रोमशी व्यापार चालायचा. तिथे रोमन नाण्यांच्या मातीतल्या नकला मिळाल्या आहेत. त्यांना अडकवायला कडी किंवा भोक, म्हणजे गळ्यात घालायच्या. खरं सोन्याचं नाणं परवडत नव्हतं अशा कुणीतरी मातीत रोमन सम्राट उठवला, कदाचित वर सोनेरी मुलामा दिला, आणि गळ्यात मिरवला. एक ग्रॅम सोन्याचे दागिने हा आपल्या काळाचा शोध नव्हे, एवढं यावरून कळतं.

मग पुतळ्यांची माळ घ्या. आपल्या आज्यांच्या गळ्यातली. ही पुतळी कुठली? इटलीतल्या व्हेनिसची. व्हेनिसनं १२८४ साली सोन्याचं डुकाट नाणं पाडायला सुरुवात केली. साडेतीन ग्रॅमच्या आसपास वजन आणि जवळजवळ शुद्ध सोनं. १७९७ साली ते प्रजासत्ताक संपेपर्यंत, पाचशे वर्षं, त्यांनी ना छाप बदलली ना कस पाडला. त्यामुळे मिरी, मसाले, कापड यांच्या बदल्यात ते नाणं आपल्या किनाऱ्यावर आलं आणि विश्वासाला पात्र ठरलं. त्यावर एका बाजूला व्हेनिसचा सत्ताधीश संत मार्कसमोर गुडघे टेकून ध्वज घेतोय. आपल्या लोकांनी त्या आकृत्या बघितल्या आणि म्हटलं, हे राम-सीता. झाली पुतळी! पुढे सोनार स्वतःच तशा चकत्या ठोकू लागले. ख्रिस्ती संत रामाच्या नावानं मराठी बाईच्या गळ्यात शतकानुशतकं सुखानं राहिला. संस्कृतीच्या शुद्धतेवर वाद घालणाऱ्यांनी एकदा पुतळ्यांची माळ हातात घेऊन बघावी.

ही साठवण कामाला कधी यायची? दुष्काळात. १८७६ ते १८७८ च्या दख्खनच्या मोठ्या दुष्काळात लोकांनी चांदीचे दागिने विकले आणि ते वितळवायला मुंबईच्या टांकसाळीत येऊन पडले. विचार करा, किती गोठ, किती वाळे, किती तोडे असतील. त्या भट्टीत जे वितळलं ते एका पिढीचं रूप होतं. उरली चांदी.

सरकारलाही अंगावरच्या सोन्याचा मोह पडतो किंवा राग येतो. रोममध्ये युद्धाच्या काळात, इसवी सनापूर्वी २१५ मध्ये, बाईनं अर्ध्या औंसापेक्षा जास्त सोनं बाळगू नये असा कायदा झाला. आपल्या हिशेबात तोळाभर, थोडं जास्त. युद्ध संपलं तरी कायदा राहिला. तेव्हा इसवी सनापूर्वी १९५ मध्ये रोमच्या बायका रस्त्यावर उतरल्या आणि केटोसारख्या कडक माणसाचा विरोध असतानाही तो कायदा रद्द झाला. आपल्याकडे चीनच्या युद्धानंतर, जानेवारी १९६३ मध्ये, मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं. १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी. आपल्या बाईला १४ कॅरेट म्हणजे पितळेची धाकटी बहीण. मागणी बसली आणि देशभर सोनारांची उपासमार झाली, काहींनी जीव दिले. आमच्या गावच्या आळीतले दोन सोनार तेव्हा सायकल दुरुस्तीला लागले, हे मी पाहिलं आहे. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा मात्र १९९० पर्यंत राहिला.

सरकारचा हिशेब चुकला तो इथे. त्यांना वाटलं, सोनं ही हौस आहे, देशासाठी हौस थोडी कमी करा. बाईसाठी ती हौस तर होतीच, पण तिच्या नावावरची एकमेव मालमत्ताही होती. शेत सासऱ्याच्या नावावर, घर नवऱ्याच्या नावावर, आणि तिच्या अंगावर चार तोळे.

इथे आपण मुख्य प्रश्नाशी आलो. ते चार तोळे खरंच तिचे होते का?

धर्मशास्त्र काय म्हणतं? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितलंय की बायको, मुलगा आणि दास हे तिघं निर्धन. ते जे मिळवतील ते ज्याचे ते असतील त्याचं. आणि त्याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात स्त्रीधनाचे सहा प्रकार दिलेत. बापानं, आईनं, भावानं दिलेलं, लग्नात अग्नीसमोर मिळालेलं, वगैरे. पुढे आणखी एक गोष्ट येते. नवरा जिवंत असताना बायकांनी जे अलंकार अंगावर धारण केले, ते वारसांनी वाटून घेऊ नयेत. घेतले तर ते पतित होतात. शब्द नीट ऐका. 'दिलेले' अलंकार असं म्हटलेलं नाही, 'धारण केलेले' असं म्हटलंय. म्हणजे घालणं हाच मालकीचा पुरावा. जो डबीत राहिला त्याबद्दल वाद होऊ शकतो. जो अंगावर राहिला तो तिचा.

मंडळी, हे वाचल्यावर मला आपल्या आज्या-पणज्यांच्या एका सवयीचा उलगडा झाला. रात्री झोपतानासुद्धा त्या पाटल्या काढत नसत. मनगटाला रुतायच्या, वळ उठायचे, तरी नाही. आम्ही पोरं हसायचो. त्यांनी मनुस्मृती वाचली नव्हती. पण अंगावरून उतरलेला दागिना परत अंगावर येईलच असं नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं.

दुसरा आधार याज्ञवल्क्याचा. नवऱ्याला स्त्रीधनाला हात लावायची मुभा चार प्रसंगी आहे: दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण आणि कैदेत वा अडकून पडण्याचा प्रसंग. या चार वेळी घेतलेलं परत देण्याची त्याच्यावर सक्ती नाही. म्हणजे एरवी घेतलं तर परत करावं लागेल. याच स्मृतीवर विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात मिताक्षरा टीका लिहिली आणि आपल्या भागातला हिंदू कायदा इंग्रजी अमदानीतही तिच्याच आधारानं चालला.

हा श्लोक मी नोकरीत असताना, पन्नाशीच्या आसपास, पहिल्यांदा नीट वाचला. आणि थांबलो. बोटांवर मोजलं. दुष्काळ? १९६७ ला आमच्या घरात नव्हता. धर्मकार्य? माझी कॉलेजची फी धर्मकार्यात बसवता येईल का? ओढूनताणूनही बसत नव्हती. आजार नाही, कैद नाही. म्हणजे शास्त्राच्या हिशेबानं आईच्या पाटल्या हे कर्ज होतं. माझी पदवी, माझी डॉक्टरेट, 'बांगडी खोटी आणि सोनं खरं' हे वर्गात सांगण्याचा अधिकार, सगळं त्या कर्जावर उभं होतं. आणि तिला कुणी विचारलं होतं का? वडील वाईट नव्हते. मुलाच्या शिक्षणासाठीच तर केलं. ती 'हो'च म्हणाली असती. पण 'हो म्हणाली असती' आणि 'हो म्हणाली' यांत जे अंतर आहे, ते मला त्या दिवशी दिसलं.

आता तिसरं काम, ओळख. दागिना सांगतो. मराठीत आपण 'डागदागिने' म्हणतो, आणि डाग म्हणजे खूणही. व्युत्पत्तीच्या वादात शिरत नाही, पण खूण ही गोष्ट खरी आहे. राजपुतान्यात पायात सोनं घालणं हा मान होता आणि तो राजानं बहाल करावा लागे. आपल्याकडेही सोनं म्हणजे लक्ष्मी, ती पायात नको, म्हणून जोडवी-पैंजण चांदीचे. पुरुषही दागिन्यांत मागे नव्हते. शिरपेच, तुरा, चौकडा, कंठी, सगळं दरबाराचं मानचिन्ह. इंग्रज आले, कोट आला, आणि पुरुषानं आपली सगळी ओळख घड्याळाच्या साखळीवर आणून ठेवली. बाईवरची ओळख मात्र तशीच राहिली.

आणि आपण जिला अनादि म्हणतो, ती ओळख कितीशी जुनी? नथ घ्या. मराठी नववधूचं चित्र नथीशिवाय पुरं होत नाही. पण अजिंठ्याच्या चित्रांत नथ नाही, सांची-भारहूतच्या शिल्पांत नाही, अमरकोशातल्या दागिन्यांच्या यादीत नाकासाठी शब्द नाही. भांडारकर संस्थेतले प. कृ. गोडे यांनी १९३० च्या दशकात यावर स्वतंत्र निबंध लिहिला. नथ मध्ययुगात आलेली पाहुणी आहे. मंगळसूत्राबद्दल भारतरत्न पां. वा. काणे यांनी दाखवून दिलं की विवाहविधी सांगणाऱ्या गृह्यसूत्रांत त्याचा उल्लेखच नाही. म्हणून मंगळसूत्र कमी मोलाचं ठरत नाही. ज्यांनी ते प्रेमानं घातलं त्यांना ते मोलाचंच. पण 'हे अनादि आहे, म्हणून घातलंच पाहिजे' हा युक्तिवाद टिकत नाही.

ओळख जेव्हा दुसऱ्यानं लादलेली असते, तेव्हा दागिना बेडी होतो. केरळात पुलय समाजाच्या बायकांना सोनं-चांदी वर्ज्य होतं. गळ्यात दगडी मण्यांच्या माळा घालाव्या लागत. अय्यनकाळींच्या हाकेनं १९१५ साली कोल्लम भागात बायकांनी त्या माळा तोडून फेकल्या. त्यावरून दंगे झाले. इंदूर संस्थानातल्या बलाई समाजावर १९२८ च्या सुमारास गावच्या सवर्णांनी नियम लादले, त्यात एक होता की बलाई बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालू नयेत. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात हे नोंदवलंय.

आणि आपलं महाड. २५ डिसेंबर १९२७ ला तिथे मनुस्मृतीचं दहन झालं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच परिषदेच्या दिवसांत बाबासाहेब जमलेल्या बायकांशी बोलले, हे तितकं आठवलं जात नाही. त्यांनी दागिन्यांवर बोलणं केलं. गळाभर गळसऱ्या आणि हातभर कथलाच्या, चांदीच्या पाटल्या ही तुमच्या अस्पृश्यतेची ओळख झाली आहे, ती टाका. घालायचंच असेल तर सोन्याचं घाला, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. लुगडं नेसायची पद्धतही बदला म्हणाले. एवढ्या मोठ्या लढ्यात, पाण्याचा हक्क मागताना, हा माणूस पाटल्यांवर का बोलतो? कारण दुरून येणारा माणूस तोंड बघायच्या आधी हात बघतो, आणि हातावरून जात ठरवतो. ज्या ग्रंथानं बाईला निर्धन म्हटलं तो जाळणं आणि ज्या पाटल्यांनी तिला अस्पृश्य ठरवलं त्या उतरवणं, ही मला एकाच कामाची दोन अंगं वाटतात.

महाडच्या बायकांनी खूण आपल्या हातानं उतरवली. आता दुसरं उतरवणं बघा, दुसऱ्यांच्या हातांनी होणारं. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची. मनूचं वचन म्हणतं, अंगावरचं तिचं. रीत म्हणते, आता अंगावर काही राहायचं नाही. मग मालकीचा पुरावा कुठे राहिला? शास्त्रानं एका हातानं दिलं, रूढीनं दुसऱ्या हातानं काढून घेतलं. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून हाच जाब विचारला होता: बायको मेल्यावर पुरुषावर यातलं कुठलं बंधन येतं? उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.

थोडं मात्र हललं आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं बाईच्या मालमत्तेवर तिची पूर्ण मालकी मान्य केली. १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की सासरी ठेवायला दिलं म्हणून स्त्रीधन सामाईक होत नाही. ते अडकवून ठेवणं हा फौजदारी विश्वासघात होऊ शकतो. आणि मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं ठराव केला की गावात विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. राज्य सरकारनं तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. ठरावानं सगळं बदलत नाही, हे मलाही कळतं. पण गावानं एकत्र बसून 'आम्ही हात लावणार नाही' असं लिहून देणं ही लहान गोष्ट नाही.

माझ्या गोष्टीचा उरलेला भाग सांगतो आणि थांबतो. १९७४ मध्ये वडील गेले. १९७८ ला माझी नोकरी कायम झाली. साठवलेल्या पैशातून मी आईसाठी पाटल्या करून नेल्या, वजनाला पहिल्यांपेक्षा कमी, पण घाट तोच सांगितला होता. फार अभिमानानं तिच्या हातात ठेवल्या. तिनं त्या फिरवून फिरवून पाहिल्या, सोनाराचं कौतुक केलं, आणि पुन्हा डबीत ठेवल्या. म्हणाली, "आता कुठं घालू रे बाळ." मी तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, 'घाल, कोण काय म्हणतंय' एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. आमच्या घरची रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती, पण ती सगळ्यांना पाठ होती. मलाही होती. सोनं परत करता आलं. घालायचे दिवस परत करता आले नाहीत.

त्या पाटल्या आता माझ्या मुलीकडे आहेत. एक ती घालते, एक तिनं गेल्या वर्षी स्वतःच्या कामासाठी गहाण ठेवली होती. मला नंतर कळलं. मी विचारलं, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "बाबा, माझीच आहे ना?" मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

तेव्हा दागिना कोणाचा, याचं माझं उत्तर साधं आहे. जिला तो घालायचा की नाही हे ठरवता येतं, काढायचा की नाही हे ठरवता येतं, आणि मोडायचा की नाही हेही ठरवता येतं, तिचा. यातलं एकही दुसऱ्याच्या हातात असेल, तर तो दागिना तिनं फक्त सांभाळलेला असतो, कुटुंबासाठी, जातीसाठी, नवऱ्यासाठी. नेवाशाच्या त्या मुलाच्या गळ्यातली माळ कुणी परत घेतली नव्हती. देणं पुरं व्हायचं तर तेवढं लागतं.

तुम्हाला एक काम देतो. आज घरी गेलात की आईला, आजीला, सासूबाईंना एका दागिन्याबद्दल विचारा. कुणी केला, किती वेळा गहाण पडला, आणि मोडला असेल तर मोडायचं कुणी ठरवलं. दोन पहिली उत्तरं पटकन मिळतील. तिसऱ्याला वेळ लागेल. थांबा तेवढा वेळ. मी थांबलो नव्हतो.

आता प्रश्न विचारा, आणि पाटली-तोड्याचा फरक सोडून काहीही विचारा.